वरचा कप्पा, खालचा कप्पा

जेवणं आटोपली होती. पांतेलिमोन आजोबांनी आलुबुखाराच्या दारूचा शेवटचा घोट घेतला आणि ते नातवंडांकडे वळले. "तो पाववाला इलारियोन माहीत आहे ना? त्याच्याच तोंडून ऐकलंय. आणि तो पीत नाही. माझ्यासारखा नाही तो."

नोव्हेंबरातला पहिला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी पितरांचा शनिवार. त्याच्या शेजारच्या अग्लाया मावशीच्या गुडघ्यांनी त्या वर्षी संप पुकारलेला, म्हणून टेकडीवरच्या मठात तिला इलारियोननं गाडीतून नेलं. मांडीवर कोलिव्याचं ताट, मेलेल्यांच्या नावानं उकडलेल्या गोड गव्हाचं, वर साखरेचा क्रूस.

"शेवटच्या पायऱ्या तूच चढ. आणि ताटात बोट घालू नकोस, मेल्या."

"मी काय लहान आहे आता?"

"लहानपणीही तू आणि सिलवान हेच म्हणायचात."

सिलवान तिचा मुलगा. नऊ वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला. बोट परत आली, तो आला नाही. प्रार्थनेत वाचण्यासाठी मठात द्यायच्या नावांच्या कागदाला दोन बाजू, डावी जिवंतांची, उजवी मेलेल्यांची. पाद्री दरवर्षी समजावायचे आणि मावशी दरवर्षी मुलाला डावीकडेच लिहायची. आताही गुडघ्यावर कागद धरून तिनं तसंच लिहिलं. इलारियोन बघत होता.

"मेणबत्तीसुद्धा वरच्या कप्प्यात लाव. वरचा जिवंतांचा, खालचा मेलेल्यांचा. नाहीतर करशील घोळ."

"नाही करत, मावशी."

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. संध्याकाळची प्रार्थना संपलेली. पाचशे वर्षांच्या त्या दगडी चर्चच्या भिंतीला लागून मेणबत्त्यांची पत्र्याची पेटी. वारा नव्हता. इलारियोननं वरच्या कप्प्यात मेणबत्ती लावली. विझली. पुन्हा लावली. विझली. बाजूच्या सगळ्या शांत जळत होत्या.

तिसरी काडी ओढली, आणि...

"लारी."

या नावानं त्याला एकच माणूस हाक मारायचा.

"लारी... खाली लाव. काही दिसत नाही रे..."

इलारियोन वळला नाही. मान वळेचना. मागे पाणी ठिबकत होतं. टप्. टप्. मरताना हातात पेटती मेणबत्ती नसेल, तर माणूस तिकडे अंधारात चालतो. हे त्याला आजीनं सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगतात.

त्यानं मेणबत्ती खालच्या कप्प्यात लावली.

पेटली.

टपटप थांबली.

आतल्या खिडकीशी मठातल्या संन्यासिनी माईनं ताट घेतलं, चष्मा लावून कागद वाचला. "सिलवान दोन्हीकडे लिहिलाय, बाळा. कुठलं खोडू?"

इलारियोननं हात पुढे केला. कागद घेतला आणि पायऱ्या उतरला.

गाडीत मावशी हातावर फुंकर घालत बसली होती. "लावलीस ना? वर?"

त्यानं आत बसून दार ओढून घेतलं.

"इलारियोन."

त्यानं कागद पुढे केला. उजवीकडचं अक्षर डावीकडे कललेलं होतं, शाळेत ज्यासाठी सिलवाननं छड्या खाल्ल्या तेच. शाई ओली. मावशी ते बघत राहिली.

"खाली लावलीस."

"हो."

"पेटली?"

"पेटली, मावशी. सरळ."

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे नऊ वर्षं अंधारात होता. माझ्यापायी."

तिनं पिशवीतून पेन काढलं, डावीकडचं नाव खोडलं. एकच रेघ, हलक्या हातानं, झोपलेल्याला जाग येऊ नये तशी. "जा," ती म्हणाली. "देऊन ये. उद्या वाचतील."

तो पुन्हा पायऱ्या चढला.

आजोबांनी रिकामा पेला पालथा घातला. "तो कागद मठात आहे. मी स्वतः बघितलाय. सुकल्यावर त्याच्या उजव्या कडेला पांढरं काहीतरी बसलंय. माईनं जिभेला लावून पाहिलं. मीठ."

कुणीतरी हळूच विचारलं, "आणि समुद्र इथून किती लांब, आजोबा?"

"चारशे किलोमीटर," आजोबा म्हणाले, आणि दिवा न मालवताच झोपायला गेले.