खंडूच्या घरी मिठो

“मॅडम, कुत्रा घेणार का?”

कुंदा दचकलीच. उल्हासनगरात, कॅम्प दोनच्या त्या एवढ्याशा दुकानात ती आईच्या ब्लाउजांसाठी हुकं घ्यायला आली होती. आणि काउंटरमागचा तरुण हुकांचं पाकीट हातात धरून, अगदी ‘लेस पण दाखवू का’ म्हणावं इतक्या सहजपणे कुत्रा विचारत होता!

“काय?… मी हुकं मागितली.”

“ती देतोच. पण कुत्रा फुकट आहे.” तो हसला. गालाला खळी पडली. ती आपण का पाहिली, असं म्हणून कुंदा स्वतःवरच चिडली.

“आणि मी कुत्रा घेईन, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुमच्या ओढणीने. सगळी कुत्र्याच्या केसांनी भरलीय.”

कुंदाने ओढणी झटकली. कानापर्यंत लाल झाली ती. तेवढ्यात काउंटरखालून एक तपकिरी तोंड बाहेर आलं, तिची सलवार शोधक नाकाने हुंगू लागलं, आणि मग तिच्या चपलेवर हनुवटी टेकून स्वस्थ बसलं. झालं! आपली कुंदा तिथेच विरघळली.

तरुणाचं नाव मुरली. कुत्रा त्याच्या आजोबांचा. सहा वर्षांपूर्वी गटारात पडलेलं पिल्लू त्यांनी उचलून आणलं आणि मांडीवर वाढवलं. आता आजोबा गेले, दुकान काकांच्या हाती आलं, आणि काकांना कुत्रा डोळ्यांसमोर नको होता.

“दिवाळीआधी बाहेर काढ म्हणतात,” मुरली म्हणाला. आता तो हसत नव्हता. “रस्त्यावर कसा राहील, मॅडम? गादीवर झोपलेला आहे तो. मिठो नाव त्याचं. मिठो म्हणजे गोड.”

“माझ्या घरी आधीच एक म्हातारा आहे,” कुंदा म्हणाली. “आणि आई आहे. दोघांनाही विचारावं लागेल.”

ती अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती, बदलापूरला कात्रपमध्ये राहत होती. तो म्हातारा म्हणजे खंडू. तिच्या वडिलांचा कुत्रा. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, खंडूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, दात निम्मे पडले होते. कुंदा रोज सकाळी त्याची भाकरी दुधात कुस्करायची, डोळे ओल्या फडक्याने पुसायची आणि ऑफिसला जाताना त्याच्या कानात “संध्याकाळी येते हं” असं सांगून जायची. तो दिवसभर दाराकडे तोंड करून बसायचा. त्याला सोबत हवी, असं तिला फार दिवसांपासून वाटत होतं.

आई, म्हणजे मालिनीबाई, ऐकताच कडाडली. “म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या उरावर सवत आणून बसवायची? ह्यांचा जीव होता त्याच्यात. त्याला त्रास झालेला मला चालणार नाही.”

“सोबत होईल गं त्याला…”

“तुळशीच्या लग्नापर्यंत बघू. सांगितलेलं ऐकलं आणि खंडूशी नीट वागला तर राहील. नाहीतर आला तसा परत.”

परत कुठे, हे कुंदाला ठाऊक होतं.

रविवारी मुरली आला तेव्हा कात्रपची अख्खी गल्ली गॅलरीत आली. स्कूटरवर पुढे मिठो उभा, कान वाऱ्यावर, आणि मागे मुरली घामाने चिंब. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर तापत होतं. त्याने दोन्ही कुत्र्यांची भेट घरात नाही, बाहेर मोकळ्या जागेत घालून दिली. खंडूने हुंगलं, गुरगुरला, आणि तोंड फिरवून बसला.

“नव्या नवऱ्यामुलासारखा रुसलाय,” मुरली म्हणाला.

“तुम्हाला बरा अनुभव!”

“अजून नाही हो… म्हणजे, ऐकून आहे.”

कुंदाने हसू ओढणीत लपवलं. ओढणी त्या दिवशी स्वच्छ होती. मुद्दाम.

पण पुढचा आठवडा म्हणजे नुसता छळ. मिठो काही म्हणता काही ऐकेना! “ये” म्हटलं की टक लावून बघायचा. “बस” म्हटलं की उभाच. “नाही” म्हटलं की शेपूट हलवत खंडूची दूधभाकरी चाटूनपुसून साफ. बहिरा म्हणावा, तर भांडं पडलं की टुणकन उडायचा. मालिनीबाईंनी निदान केलं, “ढ आहे. पालथ्या घड्यावर पाणी.”

आणि मग गुरुवारी ते घडलं. खंडू पायरीच्या कडेशी चाचपडत उभा होता. मिठो खेळायच्या भरात त्याच्या अंगावर धावला. कुंदा जिवाच्या आकांताने ओरडली, “थांब! मिठो, थांब!” तो थांबला नाही. खंडू पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला आणि असा केकाटला, की कुंदा धावतच खाली गेली.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पाय मुरगळलाय. मालिनीबाईंनी खंडूच्या पायाला हळद लावली आणि मान वर न करता म्हणाल्या, “त्या मुलाला बोलाव. घेऊन जाऊ दे.”

कुंदाने कोपऱ्यावरच्या पीसीओवरून दुकानात फोन लावला. बोलताना रडूच फुटलं. “मी… मी खूप प्रयत्न केला हो. तो ऐकतच नाही.”

“मिठो? ऐकत नाही? असं कसं?… निघालोच.”

तासाभरात स्कूटर दारात. मुरलीला पाहून मिठो वेडापिसा झाला, उड्या मारत थेट खंडूच्या अंथरुणाकडे निघाला. मालिनीबाई किंचाळल्या. आणि मुरली अगदी हलक्या आवाजात म्हणाला,

“वेह, पुट. वेह.”

मिठो बसला. जागच्या जागी, शहाण्या मुलासारखा!

“हेडे अच.” मिठो उठला, खंडूला वळसा घालून मुरलीच्या पायाशी आला.

आईचा हळदीचा हात हवेतच राहिला.

“हे… हे काय म्हणालात तुम्ही?” कुंदाने कसंबसं विचारलं.

“काही नाही. बस बाळा म्हटलं, इकडे ये म्हटलं.” मग मुरलीच्याही डोक्यात काहीतरी चमकलं. त्याचे डोळे विस्फारले. “एक मिनिट, मॅडम. तुम्ही त्याच्याशी… मराठीत बोलता?”

“मग कशात बोलू?”

“अहो, तो डाडांच्या, म्हणजे आजोबांच्या, मांडीवर वाढलाय! डाडा सिंधीशिवाय बोलायचेच नाहीत. त्याच्याशी मराठीत बोललंय कोण?”

“आणि हे तुम्ही सांगितलं नाहीत!”

“माझ्या डोक्यातच नाही आलं हो! मी गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो, घरी सिंधी. कुत्रा कुठली भाषा बोलतो, याचा कोण विचार करतो?”

कुंदा त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे. आणि मग दोघं असे हसत सुटले, की डोळ्यांतून पाणी आलं. आठवडाभर बिचाऱ्याला आपण ढ म्हणत होतो! मालिनीबाई मात्र हसल्या नाहीत. “तुळशीच्या लग्नापर्यंत म्हटलंय, तर तोपर्यंत राहू दे,” एवढंच म्हणाल्या. “पण माझ्या घरात राहायचं तर मराठी शिकवा त्याला.”

तेव्हापासून मुरली दर रविवारी शिकवणीला येऊ लागला. आधी सिंधी शब्द, लगेच मराठी, मग बिस्किट. कुंदा शेजारी बसायची. बिस्किट देताना हाताला हात लागायचा… आणि दोघंही भलतीकडेच बघायचे.

“शिष्य हुशार आहे,” ती म्हणायची.

“मास्तर चांगला आहे.”

“मास्तर जरा जास्तच बिस्किटं खातो.”

मिठो शिकत होता. खंडूच्या अंथरुणाला अंग टेकून झोपू लागला. खंडू बरा होऊन उठला, तेव्हा मिठो त्याला खेटून चालला, आणि आंधळा म्हातारा त्याच्या आधाराने अंगणभर फिरून आला. मालिनीबाई खिडकीतून पाहत होत्या. एका संध्याकाळी कुंदा ऑफिसातून आली, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, “हेडे अच रे, हेडे अच!” ती दारातच थिजली. आई! मिठोला! सिंधीत!

“घाईत हेच तोंडात येतं,” मालिनीबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

कुंदाला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पाठोपाठ दुसरा विचार आला. मिठो शिकला की शिकवणी संपणार. मग मुरली कशाला येईल? आणि यायला हवं तरी का? तो सिंधी, आपण मराठी. आईला हे बोलून दाखवायचं धाडस तिच्यात नव्हतं. मनात मात्र रविवारच रविवार होते.

तुळशीचं लग्न लागलं. अंगणात उसाचा, बोरांचा वास होता. मुरली आला होता, इस्त्रीच्या शर्टात, गप्प गप्प. मालिनीबाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, “मिठो, बस.” मिठो बसला. “ये.” आला. “खंडूजवळ जा.” गेला, आणि म्हाताऱ्याचा कान चाटू लागला.

“राहील हा इथेच,” मालिनीबाई म्हणाल्या. “आता सगळं कळतं त्याला. मुरली, तुझी दर रविवारची खेप वाचली हो.”

मुरलीचा चेहरा खर्रकन उतरला. “हो, काकू. मेहरबानी तुमची,” तो म्हणाला, मिठोच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि मागे न बघता स्कूटरकडे निघाला.

“थांबा!” कुंदा ओरडली. आपणच ओरडलो, हे कळून तिला केवढा धक्का बसला! पण आता माघार नव्हती. “रविवारी या. दर रविवारी.”

“कशाला?… मिठोला तर सगळं येतं.”

“मला येत नाही.” ती दोन पावलं पुढे आली. “मला… सिंधी शिकायचंय. तुमच्याकडून. तुमच्याशिवाय माझा रविवार जायचा नाही.”

कुंदाने आईकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. आता कुठल्याही क्षणी आभाळ कोसळणार होतं.

“शिकायलाच हवं,” मालिनीबाई तुळशीपुढच्या अक्षता गोळा करत म्हणाल्या. “सासूशी काय टाइपरायटरवर बोलणार आहेस?”

कुंदाने खाडकन डोळे उघडले आणि मुरलीकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून उभा होता. सिंधी नाही, मराठी नाही… त्याला एक शब्द सुचत नव्हता.