गच्चीवरचा बैल

तर पोट्टेहो, आधी हे कोडं सोडवा. एसी चालू आहे. पंखा फिरतोय. रिमोटवर आकडा सोळा. आणि खोलीत मात्र भट्टी पेटलेली! मग गारवा गेला कुठं?

मी दौलत ठेमस्कर. जन्म ट्रक चालवण्यात गेला, शाळा चौथीतच सुटली. पण त्या मे महिन्यात आमच्या चंद्रपुरात जे झालं ते या डोळ्यांनी पाहिलंय, तेवढं सांगतो.

पारा एकोणपन्नासला टेकलेला. घरात माझा नातू, जेमतेम पंधरवड्याचा. दिवस भरायच्या आधीच जन्मलेला, मुठीएवढा जीव. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "खोली गार ठेवा. याला उन्हाळा झेपायचा नाही." आणि नेमकी भर दुपारी एसीतून गरम हवा यायला लागली. बाळ लालबुंद झालं. दूध तोंडात धरीना. माझी सून सुवर्णा ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसत होती अन् रडत होती. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी निघालेच. तोवर काहीही करा, खोली थंड करा."

"आबा, गोटूला बोलवा!" माझी नात तनू ओरडली.

गोटू म्हणजे आमच्या वस्तीच्या थंडावा केंद्रातला रोबो. माठाएवढा, चाकांवरचा. आला, एसीसमोर हात धरला आणि विचारतो काय, "तुम्ही गरमी कुठं टाकता?"

तनू म्हणाली, "टाकता म्हणजे? एसी गारवा बनवतो ना?"

"नाही गं. तो फक्त घरातली गरमी उचलून बाहेर नेतो." त्यानं बाळाच्या सामानातला स्पिरिटचा बोळा घेऊन तनूच्या हाताला पुसला. "काय वाटतं?"

"गार!"

"स्पिरिट उडून चाललंय. जाताना तुझ्या हातातली गरमी घेऊन चाललंय. एसीच्या नळीतही असंच एक शीतक (गरमी वाहून नेणारा पदार्थ) आहे. खोलीत त्याचा वायू होतो आणि तो गरमी पितो. मग बाहेरच्या डब्यातला कॉम्प्रेसर (वायू दाबणारा पंप) त्याला दाबतो. सायकलीत हवा भरताना पंपाला हात लावलाय?"

"चटका बसतो!"

"बसणारच. दाबला की वायू तापतो. आणि त्याला बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापवावं लागतं."

"काहून?" हे मी विचारलं.

"आबा, गरमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडंच जाते. आपणहून उलटी जात नाही. बाहेर एकोणपन्नास असेल, तर वायू त्याच्या वर चढवल्याशिवाय तो गरमी सोडणार कशी?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रकवर पोती चढवताना पाहिलंय ना मी! थप्पी जेवढी उंच, तेवढा हमाल दमतो, अन् पोती कमी चढतात. म्हटलं, ऊन म्हणजे ती उंच थप्पी.

"बरोबर," गोटू म्हणाला. "पण नुसत्या उन्हानं एसी असा बंद पडणार नाही. डबा दाखवा."

गच्चीवर गेलो तर काय! माझी थोरली बहीण गोदाक्का, तिनं डब्याच्या भोवती सुतळीच्या दोन बाजा उभ्या केलेल्या, वरून जुनं लुगडं बांधलेलं, आणि आत कुरडयांची रांगच रांग.

"हे काय, अक्का?"

"अरे, एवढी गरम हवा फुकट चालली होती बाप्पा! बघ, कुरडया कशा खडखडीत वाळल्या. कबुतरंही येत नाहीत."

गोटूनं आत हात घातला. "पासष्ट! डबा गरमी बाहेर टाकतो, ती इथंच कोंडते आणि पुन्हा त्याच्याच नाकात जाते. त्यानं टाकायची कुठं? दाबून दाबून तो इतका तापला, की जळायच्या आधी आतल्या सुरक्षा-बटणानं त्याला बंद पाडलं. खाली फिरतोय तो नुसता पंखा."

गोदाक्काचं तोंड उतरलं. "म्हणजे माझ्या कुरडयांपायी लेकरू तळमळतंय?" तिनंच लुगडं ओढून काढलं, बाजा लोटल्या. निम्म्या कुरडयांचा चुरा झाला, तिनं वळूनही पाहिलं नाही.

गोटूनं वीज बंद केली. तनूनं डब्याच्या जाळीतली धूळ पाण्यानं धुतली. डबा निवला, मग बटण दाबलं.

खाली आम्ही सगळे एसीपुढं हात धरून उभे, आरतीला उभं राहावं तसे. आधी कोमट. मग तनू किंचाळली, "आली! गार आली!"

डॉक्टरीणबाई पोचल्या तोवर बाळ चुटूचुटू दूध पीत होतं. त्यांनी तपासलं आणि हसल्या. तेव्हा कुठं सुवर्णानं पदरानं डोळे पुसले. "गोटू, तुझे उपकार कसे फेडू रे?"

"माझे कसले? ओझं तर गच्चीवरचा डबा वाहतो. त्याला आता सोळावर पळवू नका. एवढ्या उन्हात तो तिथं पोचणारच नाही, नुसता धावून मरेल. सत्तावीस पुरे. खिडकीला जाड पडदा लावा. वर सावली करा, पण चारी बाजू मोकळ्या."

पुढं पोळा आला. आदल्या दिवशी आमच्याकडं बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतात, वर्षभर ओझं वाहिलं म्हणून. दारात बैल राहिला नाही, पण गोदाक्का वाटी घेऊन थेट गच्चीवर. कडेवर बाळ, आता चांगलं गुटगुटीत. डब्याच्या पत्र्यावर तिनं हळदीचं बोट ओढलं आणि बैलाला म्हणतात तेच म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

तनू म्हणाली, "आबा, मी मोठी झाले की याची टाकलेली गरमी वाया जाऊ देणार नाही. पाणी तापवीन, आजीच्या कुरडयाही वाळवीन. त्याची वाट मोकळी ठेवून."

दुसऱ्या दिवशी गोदाक्कानं पुरणपोळी अन् तळलेल्या कुरडयांचं ताट नेऊन डब्याच्या अगदी पुढ्यात ठेवलं. हात जोडले. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं तिनं ताट उचललं आणि बाजूला सरकवलं.

"चुकलं बाप्पा," ती डब्याला म्हणाली, "तुझ्या तोंडापुढं काही ठेवायचं नसतं."