एक नोंद दुरुस्त करायची राहिली

भर दुपारी दारात एक खुर्ची उभी राहिली. खुर्चीला चार पाय असतात, हिला सहा होते. त्यातले दोन चपला घातलेले!

"वेताच्या खुर्च्या इथंच विणतात ना?" खुर्चीनं धापा टाकत विचारलं.

भिंगरीच्या हातातला ओला वेत तसाच राहिला. खुर्ची हळूहळू खाली आली आणि मागून एक घामेजलेला चेहरा उगवला. चष्मा घसरून पार नाकाच्या शेंड्यावर आला होता, पण दोन्ही हात खुर्चीत अडकलेले, त्यामुळे तो वर कोण करणार?

"घ्या. ही तुमची," तो म्हणाला.

"माझी कुठली? मी तर आज पहिल्यांदा बघतेय."

"यायची होती तुमच्याकडे, आली माझ्याकडे. कालपासूनची तिसरी! अहो, मी चष्मेवाला. मोठ्या रस्त्यावर माझं दुकान. गिऱ्हाईक आलं की मी म्हणतो, बसा. तर ते म्हणतं, बसायला नाही आलो, बसायचं तेच मोडलंय."

भिंगरी खुदकन हसली. आणि मग... मोठा रस्ता? चष्म्याचं दुकान? तिचं हसू जागच्या जागी विरलं.

ते दुकान वर्षापूर्वी त्यांचंच होतं. मालकानं जागा परत मागितली, बाबांनी गाशा गुंडाळला आणि सगळं सामान घरामागच्या गल्लीतल्या या शेडमध्ये येऊन पडलं. गल्ली अशी की वाट चुकल्याशिवाय कुणी यायचं नाही. गिऱ्हाईक आटलं, बाबांची बोटंही दुखू लागली. भिंगरीनं मग हौसेनं वेबसाइट केली. खुर्च्यांचे सुंदर फोटो, इथला पत्ता, सगळं व्यवस्थित. पण बघणारं कोण? महिनाभरात सात जण आले, त्यातल्या पाच वेळा ती स्वतःच!

शेवटी बाबांनी निकाल दिला. "दोन महिने देतो. तुझ्या त्या इंटरनेटवरून वीस खुर्च्या आल्या तर काम चालू. नाही आल्या तर शेडला कुलूप, आणि तू आत्याच्या गावी. ती ऑफिसात चिकटवून देते म्हणालीय."

ऑफिसात! जिला एका जागी बसता येत नाही म्हणून घरानं भिंगरी म्हणायचं, तिला? पण खरं दुखणं वेगळंच होतं. वेत सोडून जगायचं, हे तिला कल्पनेतही जमत नव्हतं.

मग कुणीतरी सांगितलं, वेबसाइट नुसती करून भागत नाही, ती ऑनलाइन डिरेक्टऱ्यांमध्ये टाकायला हवी. माणसं तिथं धंद्याच्या नावानं शोधतात आणि तिथून वेबसाइटवर येतात. भिंगरीनं पदर खोचला. धंद्याचं नाव, पत्ता, फोन, दोन ओळी माहिती आणि वेबसाइटची लिंक असा मजकूर तिनं एकदाच लिहिला आणि फर्निचरपासून हस्तकलेपर्यंत, मिळेल त्या सदरात चिकटवत सुटली. बत्तीस डिरेक्टऱ्या! पण तो मजकूर लिहिताना समोर होतं बाबांचं जुनं व्हिजिटिंग कार्ड. जुना पत्ता. तोच बत्तीस ठिकाणी.

"अगं बाई!" तिनं कपाळावर हात मारला. ओल्या हाताचं पाणी नाकावरून ओघळलं.

"बत्तीस?" सगळं ऐकून चष्मेवाला म्हणाला. "म्हणजे मला अजून बऱ्याच खुर्च्या उचलायच्यात तर."

"छे हो! मी आजच सगळं दुरुस्त करते. तुम्हाला उगाच त्रास..."

"त्रास कसला?" त्यानं आता कुठं चष्मा वर केला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. जरा जास्तच नीट. "दुरुस्त करा... सावकाश."

तिनं खरंच केलं दुरुस्त. संध्याकाळपर्यंत एकतीस ठिकाणी नवा पत्ता चढला. बत्तिसावी डिरेक्टरी सगळ्यात मोठी. तिथूनच सगळ्यात जास्त माणसं यायची. तिनं ती उघडली, 'बदल करा'वर बोट नेलं... आणि फोन उलटा ठेवून दिला. उद्या करू म्हणाली. आणि तो उद्या काही उजाडेना. आता यात कुणाला काही दिसलं तर दिसो बापडं!

चष्मेवाला येत राहिला. कधी डोक्यावर खुर्ची, कधी काखेत स्टूल. प्रत्येकीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली असायची. गिऱ्हाइकाचं नाव, फोन आणि खाली सुबक अक्षरात तक्रार. 'बैठक खचली आहे.' 'उजवा हात सैल.' एकदा तर त्यानं लिहिलं होतं, 'हिला काही झालेलं नाही, मालकीणबाईंना बोलायला कुणीतरी हवं होतं. मी अर्धा तास बोललो.'

"दुकान कोण बघतं तुमचं?" भिंगरीनं विचारलं.

"लोकांचे डोळे मी बघतो. दुकान आपलं आपण बघतं."

"आणि माझे डोळे? चांगले आहेत की चष्मा लागेल?"

"चांगले आहेत," तो घाईघाईनं म्हणाला. मग कानांपर्यंत लाल होत, "म्हणजे... तपासावे लागतील. पुन्हा पुन्हा."

एकदा तो आला तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि यानं गिऱ्हाइकाची खुर्ची छत्रीसारखी डोक्यावर धरलेली. बैठकीच्या भोकांतून सगळं पाणी याच्याच केसांवर! भिंगरी हसून हसून दुखऱ्या पोटानं खाली बसली. मग आतून टॉवेल आणला आणि देताना दोघांची बोटं क्षणभर एकाच टॉवेलात राहिली. कुणीच आधी सोडेना.

बाबा हे सगळं कोपऱ्यात पॉलिश करत बघत होते. आणि महिना उलटल्यावर त्यांनी बॉम्ब टाकला.

"यातली एकही खुर्ची मी विसात धरणार नाही."

"का?" भिंगरीचा चेहरा उतरला.

"एका माणसाच्या घरी किती खुर्च्या असतात गं? हा पोरगा तुझ्यासाठी नातेवाइकांच्या खुर्च्या मोडत सुटलाय! इंटरनेटचा काय संबंध?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भिंगरीनं फोन उघडला, जुना पत्ता दाखवला, चिठ्ठ्यांवरच्या दोन गिऱ्हाइकांना त्यांच्यासमोर फोन लावला. दोघांनीही डिरेक्टरीचंच नाव घेतलं. बाबा आधी चिडले, मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"बरं, धरल्या," ते हसत म्हणाले. भिंगरीचा जीव भांड्यात पडला. "पण मुदत तीच. आणि विसात एक जरी कमी पडली तरी मी ऐकायचा नाही."

शेवटचा दिवस उजाडला तेव्हा खुर्च्या एकोणीस होत्या.

दुपार टळली तरी कुणी फिरकलं नाही. भिंगरी दाराशी तीनदा जाऊन आली. आत्याचा फोन येऊन गेला होता, खोली झाडून ठेवलीय म्हणाली. चार वाजता गल्लीच्या तोंडाशी ओळखीच्या चपला वाजल्या. खुर्ची! भिंगरी अक्षरशः धावली.

"विसावी!" चष्मेवाला ओरडलाच.

तिनं सवयीनं बैठकीवरून अंगठा फिरवला आणि थबकली. पुन्हा फिरवला. वेत झिजून तुटला की टोकं विस्कटतात, पिंजारतात. इथं सगळी टोकं सरळ होती, ताजी, पांढरी. आणि चिठ्ठी नव्हती.

"ही तुटलेली नाही," ती हळूच म्हणाली. "कापलीय. ब्लेडनं."

त्याचा चष्मा घसरला, त्यानं वर केला नाही.

"कुणाची आहे?"

"माझी. दुकानातली. मी बसतो ती." तो कापलेल्या वेताकडे बघत म्हणाला, "काल बाबा म्हणाले ना, एक कमी आहे... तू आत्याकडे गेलीस तर मी काय करू? सकाळपासून त्या खुर्चीवर बसलो होतो, काही सुचेना. मग उठलो आणि..."

भिंगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला ही खुर्ची हवी होती, किती हवी होती! पण खोटी वीस बाबांपुढे ठेवून या शेडमध्ये रोज वेत कसा विणायचा?

"ही नाही धरता येणार," ती म्हणाली. "आणि ऐक, लबाडी मीही केलीय. एका डिरेक्टरीत पत्ता अजून जुनाच आहे. मुद्दाम. बदलला असता तर तू यायचा थांबला असतास. तो वेळेत बदलला असता तर कदाचित आणखी गिऱ्हाइकं आली असती. माझ्याच हातानं मी..."

"मुद्दाम?" त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर उजेड पडला. "खरंच मुद्दाम?"

"हसतोस काय? मी उद्या जाणार!"

मागून खाकरणं ऐकू आलं. बाबा. त्यांनी सगळं ऐकलं होतं, लपवायचं म्हणून काही उरलं नव्हतं.

"बाबा, एकोणीसच झाल्या," भिंगरी म्हणाली.

बाबा खुर्चीभोवती एक फेरी मारून आले. मग चष्मेवाल्यापुढे उभे राहिले. "तू पहिल्या दिवशी आलास, तुला ही गल्ली कुणी दाखवली?"

"कुणी नाही. गिऱ्हाइकानं डिरेक्टरीचं नाव सांगितलं, ती उघडली. तिथून हिच्या वेबसाइटवर गेलो, तिथं इथला पत्ता होता."

"म्हणजे डिरेक्टरीतून वेबसाइट, वेबसाइटवरून इथं?"

"हो."

"आणि ही खुर्ची तुझी आहे आणि बैठक गेलेली आहे?"

"ब्लेडनं गेलीय, बाबा," भिंगरी मध्येच म्हणाली.

"कशानं का जाईना! एकीची मांजरानं ओरबाडली होती, ती धरलीच ना आपण? इंटरनेटवरून आलेला माणूस, मोडकी खुर्ची. वीस." बाबांनी खिशातून फोन काढला. "आत्याला सांगतो, खोली दुसऱ्या कुणाला दे म्हणून. आणि तुझं कौतुक काय करायचं ते मग करतो. खरं सांगून एकोणीसच म्हणालीस."

बाबा फोनवर मोठमोठ्यानं बोलत घराकडे गेले. भिंगरी मटकन त्याच खुर्चीच्या कडेवर टेकली, कधी रडत, कधी हसत. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. चष्मेवाला समोर उकिडवा बसला. मग तिनं फोन उघडला, बत्तिसावी डिरेक्टरी काढली आणि त्याच्या देखत नवा पत्ता लिहून बटण दाबलं.

"झालं," ती म्हणाली. "आता तुझ्याकडे एकही खुर्ची येणार नाही."

"मग मी उद्या काय घेऊन येऊ?" त्यानं काळजीनं विचारलं.

भिंगरीनं हात पुढे करून त्याचा चष्मा अलगद वर सरकवला.

"काही नको," ती म्हणाली. "नुसता ये."