आमच्या डिशची तार

डिश बसवायचं काम मी बावीस वर्षं करतोय. डिशला आणि केबलला अर्थिंग केल्याशिवाय कुठल्याच गिऱ्हाइकाच्या घरातून पाय काढत नाही, ते कितीही वैतागोत. स्वतःच्या घरी मात्र अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला गुंडाळून मोकळा झालो होतो. गेल्या वर्षी प्लंबरने तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकला. तेव्हापासून तार नुसती लोंबत होती आणि मी 'रविवारी करू' म्हणत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

परवा दुपारी वीज पडली ती थेट आमच्या डिशवर. मी दोन गल्ल्या पलीकडे एकाच्या गच्चीवर होतो, तिथून दिसलं. धावताना डोळ्यांसमोर एकच होतं. लेक शाळेतून आली की टीव्हीला चिकटून बसते, एक हात सेटटॉप बॉक्सवर ठेवून.

ती तशीच बसली होती. टीव्ही चालू होता. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

वर डिश काळीठिक्कर पडली होती. पण केबल घरात शिरते तिथे नवा तांब्याचा क्लॅम्प होता आणि त्यातून जाड हिरवी तार भिंतीवरून सरळ जमिनीत गेली होती. वीतभर अंतरावर एकेक क्लिप, रेघ मारल्यासारखी. इतकं नेटकं काम माझ्याही हातून होत नाही.

बायको म्हणाली, "सकाळी आंघोळीला गेले तेव्हा ठोकायचा आवाज आला. म्हटलं, चला, उशिरा का होईना, सुचलं तुम्हाला."

मी पहाटेच कामावर गेलो होतो.

अर्थिंगची सळई जमिनीत किती खोल ठोकलीय ते बघायला भिंतीलगत खणलं. सळई लागेना. कमरेइतकं खणलं. तार अजून खालीच जात होती, ताठ.

घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण आतून लेकीच्या हसण्याचा आवाज आला आणि भरून आलं.

"कोण आहात ठाऊक नाही," मी खड्ड्यात वाकून म्हणालो, "पण हे उपकार जन्मात फिटायचे नाहीत."

आणि सवयीने तार जराशी ओढून पाहिली.

आमच्या कामात गच्चीवरून केबल सोडली की खालचा माणूस ती दोनदा ओढतो. म्हणजे, धरलीय, काळजी नको.

खालून तार दोनदा ओढली गेली.