डाव्या दाराचा स्पीकर

रोज चाकणला जाणाऱ्या माणसाला विचारा, गाडीत गाणी नसली तर जीव कसा आंबतो ते. मोशीच्या पुढं एकदा कंटेनरच्या रांगेत सापडलात, की समोरच्या कंटेनरची मागची दारं तोंडपाठ होतात. नागसेननं काही बंगला मागितला नव्हता हो. गाडीत जरा बरा आवाज हवा होता, एवढंच.

गाडी वडिलांची. विलासअण्णा चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर घाम गाळून रिटायर झालेले. सेकंडहँड घेतलेली ही गाडी त्यांनी मुलाच्या हवाली केली आणि पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर खुर्ची टाकली. नागसेनची आई, कस्तुराबाई, तो लग्नाचा व्हायच्या आधीच गेली. नागसेन आणि त्याची बायको अंजली दोघंही चाकणला नोकरीला. तो गाडी चालवायचा, ती डावीकडं बसायची. गाडीतला मूळचा, कंपनीचा स्टिरिओ मात्र असा, की कुठलंही गाणं लावा, कुणीतरी डब्यात तोंड घालून गातंय असं वाटायचं.

काळेवाडीत बंटी नावाचा फिटर होता. बजेट ऐकून त्यानं नाक मुरडलं नाही, हे त्याचं मोठेपण.

"दादा, स्टिरिओ कंपनीचाच राहू द्या," तो म्हणाला. "मागचे स्पीकर विसरून जा. सगळा खर्च पुढच्या दोन दारांवर करा. आतून डॅम्पिंगची शीट मारतो, दार कसं भरीव वाजेल बघा."

त्यानं दारं उघडली, चिकट काळी शीट आतून चोपून बसवली. सगळीकडं डांबराचा वास सुटला. नवे स्पीकर बसवून त्यानं गाणं लावलं आणि स्क्रीनकडं बघत थांबला.

"दादा, डावी बाजू कधी ऐकलीच नाही का? आवाज सगळा उजवीकडं ढकललाय. डावीकडं शून्य."

नागसेन हसला. "वडिलांचा डावा कान गेलाय रे. हॅमर शॉपमध्ये कुणाचा टिकतो? मधोमध कर."

बंटीनं मधोमध केलं.

आणि काय आवाज आला, राव! दुसऱ्या दिवशी चाकणहून घरी येताना नागसेन स्टिअरिंगवर ताल धरून बसला होता. अंजलीसुद्धा खूश. कुरुळीच्या जवळ गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या मधे जी एक रिकामी जागा असते ना, तेवढ्यात अंजलीनं मान वळवली.

"कोण बोललं?"

"कुठं काय?"

"बाईचा आवाज होता. 'पोरी' म्हणाली."

"रेडिओ घुसला असेल मधेच," नागसेन म्हणाला. गाणी फोनवरून लागली होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

पुढं चार-दोन दिवसांनी त्यानं स्वतः ऐकलं. गाणं थांबलं आणि डाव्या दारातून, अगदी हळू, कुणी शेजारी बसून बोलावं तसं... "पोरी... ऐकतेस का गं?" आवाज थकलेला, पण मायेचा. कुठंतरी ऐकलाय असं त्याला वाटत राहिलं, पण आठवेना. त्यानं घाईनं पुढचं गाणं लावलं.

अंजली परभणीची. आई लहानपणीच गेलेली, काकाच्या घरी वाढली. तिथं तिला 'ए', 'अगं' आणि 'ऊठ' याखेरीज कुणी हाक मारली नव्हती. आता कुणीतरी 'पोरी' म्हणत होतं. ती गाडीत बसली की आवाज कमी करायला लावी आणि गाल दाराला टेकवून बसे. नागसेन काही बोलला तरी तिला ऐकू जायचं नाही. दोनदा-तीनदा हाक मारावी तेव्हा ती दचकून बघायची, आणि त्या बघण्यात ओळख यायला वेळ लागायचा. त्या वेळाची नागसेनला धडकी भरायला लागली.

"अहो, ती मला ओ दे म्हणते," एकदा अंजली म्हणाली. "एवढं प्रेमानं बोलावते आणि मी तोंड मिटून बसते. वाईट वाटतं हो."

नागसेननं आवाज पुन्हा सगळा उजवीकडं ढकलला. सकाळी बघतो तर मधोमध. अंजली रात्रीत खाली जाऊन आली होती. विचारलं तर तिला काही आठवेना.

आता हे कुणाला सांगायचं? अण्णांच्या घरात भगत, देवऋषी, गंडेदोरे यांना कधी उंबरा ओलांडता आला नव्हता. दर रविवारी विहारात पोरांना बसवून अण्णा सांगायचे, भूत-बित काही नसतं, भीती असते. नागसेन त्याच पोरांत बसून मोठा झाला होता. बायकोला गाडीच्या दारातून हाका ऐकू येतात, हे तो कुठल्या तोंडानं बोलणार?

रविवारची संध्याकाळ होती. नागसेन भाजी घेऊन आला. घरात दिवा लावलेला नव्हता. टीव्हीचा आवाज बंद होता आणि त्या निळ्या उजेडात अण्णा बसले होते. अंजली दिसेना. नागसेन अण्णांच्या डाव्या बाजूनं जाताना स्वतःशीच पुटपुटला, "कुठं गेली ही..."

"खाली गेली. गाडीची किल्ली घेऊन," अण्णा म्हणाले.

नागसेन जागच्या जागी थांबला. पुटपुटणं त्याचं त्यालाच नीट ऐकू आलं नव्हतं.

"अण्णा... तुम्हाला ऐकू आलं?"

अण्णांनी टीव्हीकडं तोंड फिरवलं.

"अण्णा, त्या डाव्या दारातून आवाज येतो. अंजलीला बोलावतो."

अण्णांच्या हातातला रिमोट खाली पडला. "तू डावी बाजू चालू केलीस?"

"केली. पण तुमचा कान..."

"कान शाबूत हाय माझा," अण्णा म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "गाडी घेतली तवा त्या दारातनं लहान पोराची हाक यायची. 'आई... आई गं...' तुझी आई बसायची तिथं. लेकराची हाक, नागसेना. कोणती बाई ऐकून गप बसंल? तिनं ओ दिली. त्याच घडीला तिची वाचा गेली."

नागसेनला आईचे ते शेवटचे दिवस आठवले. डॉक्टर म्हणायचे, घशात काही दोष नाही. कागद-पेन दिलं तर ती पेन धरून नुसती बसून राहायची. बोलणं तर गेलंच, कागदावर उतरवायलाही शब्द उरले नव्हते तिच्यापाशी.

"आणि ते पोर?"

"पोराचा आवाज थांबला. तुझ्या आईचा सुरू झाला." अण्णांनी तोंडावरून हात फिरवला. "ती माझ्या शेजारी बसलेली असायची, तोंड मिटून, डोळ्यांत पाणी. आन् दारातनं तिच्याच आवाजात मला हाक यायची. 'अहो, ऐकलं का...' ती गेल्यावर बी यायची."

"सांगितलं का नाही कुणाला?"

"कुणाला सांगू? रविवारी पोरांसमोर जे बोललो, त्याच तोंडानं हे बोलू? कान गेला म्हणून सांगितलं आन् आवाज उजवीकडं फिरवला. गाडी विकवंना. आवाज तिचा व्हता ना..." ते एकदम उठले. "अंजलीनं ओ दिली का?"

"अजून नाही."

"मग चल. पळ!"

लिफ्ट वर अडकली होती. अण्णांचे गुडघे कामातून गेलेले, तरी ते जिन्यानं नागसेनच्या बरोबरीनं उतरले. तळघरातल्या पार्किंगमध्ये ओल आणि डिझेलचा कोंदट वास भरला होता. पाण्याचा पंप घुमत होता. कोपऱ्यात त्यांच्या गाडीच्या काचांतून स्टिरिओचा निळसर उजेड दिसत होता.

अंजली डावीकडं बसली होती, गाल दाराला लावून. दारं आतून बंद. काच बोटभर खाली होती आणि त्या फटीतून आवाज बाहेर येत होता. आता नागसेननं तो ओळखला. इतकी वर्षं आईचा आवाज आपण विसरून गेलो होतो, याची त्याला त्या क्षणीसुद्धा लाज वाटली.

"पोरी... एकदा ओ दे गं... एकदाच..."

"अंजली! अंजली!" नागसेन काचेवर मुठी आपटत होता. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. तिचे ओठ मात्र हळूहळू उघडायला लागले.

अण्णांनी नागसेनला बाजूला ढकललं, काचेच्या फटीला तोंड लावलं आणि हॅमरच्या आवाजावर ओरडायची सवय असलेल्या त्या गळ्यातून जीव खाऊन ओरडले, "ओ! कस्तुरा, ओ! मी हाय!"

पंपाचा आवाजही क्षणभर थांबल्यासारखा वाटला. मग पुढचं गाणं सुरू झालं. अंजली दचकली. तिनं दार उघडलं आणि दोघांकडं गोंधळून बघितलं.

"अण्णा? तुम्ही कशाला आलात खाली? काय झालं?"

अण्णांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

डॉक्टर म्हणाले, घशात दोष नाही, धक्का बसलाय, वाचा कधीही परत येईल. अंजलीनं तेवढं एक वाक्य धरून ठेवलं. रोज ज्येष्ठमधाचा काढा करायची, अण्णांसमोर बसून त्यांच्याशी भरभरून बोलायची. आपल्यालाच शोधायला आले आणि असं झालं, हे तिच्या मनातून जाईना. नागसेननं दोन्ही स्पीकर उपटले, वायरी तोडल्या, सगळं पवना नदीत फेकून दिलं. गाडीवर कव्हर चढवलं आणि दोघं कंपनीच्या बसनं जायला लागले. अंजलीला मात्र त्यानं काही सांगितलं नाही. आधीच खचलीय, आणखी घाबरेल, असं त्याला वाटलं. कागद-पेन दिलं तर अण्णाही आईसारखे नुसते धरून बसायचे, पण सारखे त्याची बाही ओढून अंजलीकडं बोट दाखवायचे. तो म्हणायचा, "सांगू अण्णा, जरा सावरू दे तिला." बापानं केलं तेच पोरगं करत होतं, पण त्याला ते कळायला हवं ना!

एकदा संध्याकाळी त्याला बस मिळायला उशीर झाला, अंजली आधीच घरी पोचली होती. तळघरात डोकावून आला, गाडीचं कव्हर जागच्या जागी होतं. वर आला. बेल वाजवायच्या आधीच अण्णांनी दार उघडलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. एका हातानं त्यांनी नागसेनचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर घट्ट दाबलं.

आणि घरातूनच कुठूनतरी अण्णांचा आवाज आला, तसाच खणखणीत... "अंजली, पोरी, जरा पाणी दे गं."

बोटाखाली अण्णांचे ओठ मिटलेले होते.

"अंजली, बोलू नको!" नागसेन किंचाळत आत धावला.

"ओ अण्णा!" स्वयंपाकघरातून आनंदानं फुटलेली हाक आली. "आले, आले!"

अंजली पाण्याचा तांब्या घेऊन धावत दारात आली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अण्णांकडं हात करून ती नागसेनला काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा तेच, आणि घरात चिटपाखराचाही आवाज नव्हता. तिच्या ओठांवरून त्याला कळत होतं. अण्णा बोलले, ती म्हणत होती, अहो, अण्णा बोलले.