कन्यादानाला आबाच हवेत

"अवो, पाटावर तुम्ही नका बसू," हौसा खाली बघत नवऱ्याला म्हणाली. "समोर मुलाकडची पेणची सगळी मंडळी. मध्येच पोटाचा आवाज झाला तर? कान्हूभावजी बसतील जोडीनं."

"बसू दे की. माझ्या पोटाला मंगलाष्टकं येत नायत, तरी मध्येच गायला लागतं," दत्तात्रेय म्हणाला.

हौसा हसली नाही. एकुलत्या एका लेकीचं कन्यादान... आतून तोही कुठं हसला होता!

आठ वर्षं त्याच्या आतड्यातून रक्त गेलं. मग मुंबईच्या डॉक्टरांनी मोठं आतडंच काढून पोटावर वाट केली आणि तिथं पिशवी लावली. थोपवणं हातात नाही, चारचौघांत ती खुशाल गुरगुरते. वरसे गावात कुणी विचारलं की दत्तात्रेय म्हणायचा, "बेडूक पाळलाय." लोक हसायचे, आणि त्या हसण्याच्या आडोशाला हा भला माणूस आपलं दुःख झाकून जगायचा...

लग्नाच्या दिवशी तो मांडवामागं आचाऱ्याजवळ बटाटे सोलत बसला. भटजींनी कन्यादानाला हाक दिली, तसा त्याच्या हातातला बटाटा थांबला.

आणि मुंडावळ्या बांधलेली ऋतुजाच समोर येऊन उभी राहिली.

"आबा, उठा."

"अगो, मुहूर्त टळंल. काका बसलाय ना?"

"काकांना मी उठवलं."

मागून हौसा धावत आली. "पोरी, सासरची माणसं बघतायत गो."

ऋतुजानं मेंदीचे हात आईपुढं धरले. "आये, तुला उलटी व्हायची म्हणून तीन वर्षं आबांची पिशवी मी धुतली. याच हातांनी. हे हात चालतात, मग आबा का नाय चालत? निकेशला सगळं सांगितलंय मी. त्याच्या आईलापण."

हौसानं नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

लेकीचा हात जावयाच्या हातात देताना, पाण्याची धार पडत असतानाच पिशवी गुरगुरली... चांगली लांबलचक. मांडवातल्या माना वळल्या. दत्तात्रेयाला जन्मात पहिल्यांदाच चेष्टा सुचली नाही, डोळे तेवढे वाहत राहिले. निकेशनं हात हलवला नाही. भटजींनी आवाज चढवला.

संध्याकाळी गाडी पेणला गेली आणि घर रिकामं झालं.

सकाळी तो पिशवी घेऊन मोरीत बसला. सुरुवात कुठून करायची तेच कळेना. हौसा येऊन शेजारी बसली.

"द्या इकडं."

"तुला सोसणार नाय, हौसे."

"पोरीला सोसलं. मला आधी सोसायला पायजे होतं..."

तिला उमासा आला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि परत हात पुढं केला.

"पाणी वता."

दत्तात्रेयानं तांब्या तिरपा केला.