एका बैलापुरती मदत

गिरणेचा पूर ओसरला होता, पण शेतात अजून घोट्यापर्यंत गाळ होता. वच्छला बांधावर वाहून आलेली लाकडं गोळा करत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो बाई... सुकदेवनानांचं शेत कोणतं?"

तिनं वळून पाहिलं. काळा कोट, हातात छत्री... आणि एक पाय अनवाणी.

"तुम्ही उभा शेतस तेच," ती म्हणाली. "चप्पल कोठे शे?"

"खाली राहिली," तो शांतपणे म्हणाला.

तिला हसू आवरेना. काठीनं उकरून तिनं चप्पल काढून दिली, तेव्हा कळलं – हा एरंडोलच्या कचेरीतला कारकून, अभिमन. पुरात ज्यांचे बैल गेले त्यांना नवे घ्यायला सरकार मदत देणार होतं, आणि तो नुकसान लिहून न्यायला आला होता.

नाना, म्हणजे तिचे वडील, पुरात पाय मोडून खाटेवर पडले होते. आई नव्हतीच. "दोन्ही बैल गयात, साहेब," वच्छलेनं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. जाताना बांधावरून त्यानं एकदा मागं पाहिलं. ती बघतच होती. दोघांनीही नजर वळवली.

आणि त्याच आठवड्यात वाहून गेलेला ढवळ्या बैल दारात येऊन उभा राहिला! हडकलेला, अंगभर बाभळीचे काटे, पण जिवंत. शेजारचा झुलाल म्हणाला, "याले दुसऱ्या गावी पाहुण्याकडे बांधून ये. दोन बैलांची मदत मिळी जाई." पेरणी तोंडावर होती. मोह तिला झालाच. पण सकाळी ती भाकरी बांधून एरंडोलच्या वाटेला लागली.

"एक बैल परत उना, साहेब."

अभिमननं लेखणी खाली ठेवली. "हे सांगायला एवढं चालत आलात? मला कळलंही नसतं."

"माले तर कळतं ना."

मदत एका बैलापुरती झाली. बैल कारकुनासमोर घ्यायचा असा नियम होता, म्हणून बाजारच्या दिवशी दोघं बैलांच्या रांगांतून हिंडू लागले. भुरभुर पाऊस, छत्री एकच... ती मुद्दाम बाहेर चालायची, तो मुद्दाम छत्री कलती करायचा. एका तांबड्या बैलाचा जबडा उघडून त्यानं सराईतपणे दात पाहिले.

"तुमले हे येतं?"

"शिरपूरला बापाची शेती आहे. कोट अलीकडचा." मग हळूच, "माणूस कसा पारखता तुम्ही?"

"माणूसना बाजार नही भरत, साहेब."

तो हसला. बैल ठरला, पैसे दिले गेले, आणि अभिमन एक शब्दही न बोलता कचेरीकडे निघून गेला. वच्छला कासरा धरून उभी राहिली. एवढंच होतं तर... छत्री कशाला कलती केली?

पेरणी झाली. नाना काठी टेकत शेतावर येऊ लागले. दादर ज्वारी वीतभर वर आली आणि एका सकाळी अभिमन बांधावर दिसला. कोट नव्हता.

"आते काय ऱ्हायनं?" तिनं तुटकपणे विचारलं.

"काही नाही. तुमचं काम कचेरीतून पुरं झालं. म्हणून तर आलो."

"म्हणजे?"

"तुमची मदत माझ्या हातात होती. तेव्हा विचारलं असतं, तर तुम्हाला नाही म्हणणं जड गेलं असतं." तो थांबला. मग कचेरीची भाषा सुटलीच – "आते तुले 'नही' म्हनता येई. मनासंगे लगीन करशी का?"

वाऱ्यावर दादर सळसळली. वच्छलेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं... सोडलं.

"नाना एकला शेतस. मी त्यासले सोडाव नही."

"एरंडोल किती लांब? इथूनच ये-जा करीन, सुट्टीला औत धरीन. नानांना सोडून ये, असं मी म्हणतच नाही."

तिनं लिंबाच्या झाडाकडे बोट केलं.

"नाना तठे लिंबखाले बठेल शेतस," ती म्हणाली. "इचारा त्यासले. मी... नही म्हननार नही."

तो निघाला. चार पावलं जाऊन थांबला.

"तू पण चाल."

"मी कशाले?"

"माले भ्याव वाटस."

वच्छला हसली, आणि त्याच्या पुढं होऊन चालू लागली.